दोन्ही हातांची नाडी बघ

सोलापूर

चि. भाचीस,


वैशंपायन मेडिकलला मेडिसिनला रुजू झालीस, ऐकून फार बरं वाटलं. कामाचंच एक लिहिते.

ओपीडीत पूर्वभागातली विडी वळणारी तिशीतली बाई येईल. बीपी १८०. बाहेर रांग असेल, हात आपोआप गोळी लिहायला जाईल. थांब. दोन्ही हातांची नाडी बघ, दोन्हीकडे बीपी घे, बेंबीच्या वर स्टेथोस्कोप टेकवून ऐक. मी अशाच एकीच्या गोळ्या दीड वर्ष नुसत्या बदलत राहिले. पोटाला स्टेथोस्कोप लावला तेव्हा सूंऽसूं ऐकू आलं. मूत्रपिंडाची धमनी आवळली होती. ते दीड वर्ष मला अजून टोचतं.

आपल्याकडे या वयात आधी ताकायासू मनात आणायचा. त्यात धमनीला दाह असतो, उपाय स्टेरॉइडचा, आणि दाह शमल्याशिवाय धमनी रुंद करायचा फुगा शक्यतो घालायचा नाही. माझ्या बाईला मात्र फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेझिया होता. त्यात दाह नसतो, कोलेस्टेरॉलही साचत नाही; भिंतीचीच वाढ बिघडते आणि अँजिओग्राफीत धमनी मण्यांच्या माळेसारखी दिसते. इथे स्टेरॉइड देणं म्हणजे बाईला फुकटचा त्रास.

गोळ्यांत रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन चांगली. पण लिहिण्याआधी पाळीची तारीख विचार, मूल हवंय का विचार. गरोदरपणी या गोळ्या बाळाला घातक. सासू शेजारी बसली असेल तर तिला बाहेर थांबायला सांग. एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघ. दोन्ही बाजू आवळलेल्या असतील तर क्रिएटिनिन चढतं. अडचण नसेल तर ॲस्पिरिन ७५. मिश्री, तंबाखू बंद. डोक्यापासून ओटीपोटापर्यंतची अँजिओग्राफी एकदा तरी करायचीच, कारण मेंदूतल्या धमनीला फुगवटा असू शकतो.

बीपी नवं असेल, बाई तरुण असेल तर फुग्यासाठी लवकर पाठव. स्टेंट सहसा लागत नाही. धमनी फाटली तरच. सगळ्यांच्या गोळ्या सुटत नाहीत, हे आधीच सांग, जमलं तर तिच्या तेलुगूत. माझ्या बाईच्या चाराच्या एकावर आल्या.

बीपी उतरलं की माणसं यायची थांबतात. धमनी पुन्हा आवळू शकते. पुढची तारीख केसपेपरवर तू स्वतः लिही.

तुझी,
मावशी