मेंदूचे पाट

म्हातारे माणूस विसरू लागले की आपण म्हणतो, "वय झालं. साठी बुद्धी नाठी." शाळेत मुख्याध्यापक असताना मीही हे वाक्य पुष्कळदा बोललो आहे. ते पुरते खरे नाही, हे मला फार उशिरा समजले. माझे थोरले बंधू अण्णा यांच्यामुळे समजले.

अण्णा गावच्या सोसायटीचे सचिव होते. कोणाचे पीककर्ज किती, कोणाचा हप्ता कधीपासून थकला, हे सारे ते वही न उघडता सांगत. ते पंचावन्न वर्षांचे असताना गावात आरोग्य शिबिर भरले. तेथे त्यांचा रक्तदाब १७० वर १०० निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दोन महिन्यांनी अण्णांनी मला विचारले, "तू शिकलेला आहेस, तूच सांग. माझं डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. मग ह्या गोळ्या घ्यायच्या कशाला?"

मी म्हणालो, "बरं वाटतंय ना? मग राहू द्या."

पुढे दहा-बारा वर्षे काही झाले नाही. म्हणजे काही दिसले नाही. मग एका दिवाळीत अण्णांना किराणा दुकानाचा साधा हिशेब जमेना. चार महिने तसेच गेले. पुढे एकदम चालणे बदलले, पावले लहान पडू लागली, पाय जमिनीला घासू लागले. पुन्हा काही महिने बरे, आणि पुन्हा एक उतार. पायऱ्या उतरावे तसे ते खाली येत होते. जुन्या गोष्टी सगळ्या आठवत; पण बोलायला वेळ लागे, आणि कोणी जरा रागावले की डोळ्यांत पाणी येई. रागावणाऱ्यांत मीही होतो. मला वाटे, मुद्दाम करतात.

जिल्ह्याच्या गावी मेंदूचे चित्र काढले. डॉक्टरांनी ते उजेडावर धरून दाखवले. मेंदूच्या आतल्या भागात लहान लहान डाग होते. काही ज्वारीच्या दाण्याएवढे, काही हरभऱ्याएवढे. डॉक्टर म्हणाले, "एवढ्या जागी रक्त पोचलं नाही. हे एका दिवसाचं नाही, पुष्कळ वर्षांचं आहे."

हे कसे होते ते आता पाहू.

मेंदूचे वजन सव्वा ते दीड किलो. शरीराच्या वजनाचा तो सुमारे पन्नासावा हिस्सा. पण आपण श्वासातून जो प्राणवायू घेतो, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू वापरतो. मेंदूजवळ साठवण नाही. कणगी नाही, रांजण नाही. रक्त येईल तसे खायचे. काही मिनिटे रक्त थांबले तरी तेथील पेशी मरू लागतात, आणि मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

हे रक्त चार मोठ्या धमन्यांतून वर चढते. दोन मानेच्या पुढच्या बाजूस आहेत. कंठाच्या बाजूला हलके बोट ठेवा, म्हणजे उडणारी नस लागेल. (दाबू मात्र नका.) दोन मागून, मानेच्या मणक्यांतून जातात. मेंदूच्या तळाशी या चौघींचे मिळून एक कडे तयार होते. थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टराने १६६४ साली आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले, म्हणून डॉक्टर लोक आजही त्याला विलिसचे कडे म्हणतात. सोय मोठी चांगली आहे. एक धमनी अडली तर दुसरी कड्यातून रक्त पुरवू शकते.

पण कड्याच्या पुढे काय? ज्यांच्याकडे पाटाचे पाणी आहे त्यांना हे लगेच कळेल. मोठा पाट, त्यातून चारी, चारीतून वाफा. मेंदूच्या आत खोल जाणाऱ्या धमन्या केसासारख्या बारीक आणि लांब असतात. त्या शेवटच्या वाफ्याला पाणी देणाऱ्या चाऱ्या. त्यांना शेजारीण नाही. एक बुजली की तिचा वाफा वाळलाच.

निरोगी धमनी रबरासारखी लवचीक असते. रक्ताचा जोर वर्षानुवर्षे जास्त राहिला तर तिची भिंत जाड आणि कडक होते, आतली वाट अरुंद होते. रक्तातली साखर, विडी-सिगारेटचा धूर आणि वाढलेली चरबीही धमन्या अशाच बिघडवतात. मग एखादी बारीक धमनी बंद पडते आणि दाण्याएवढा भाग मरतो. हात लुळा पडत नाही, तोंड वाकडे होत नाही, म्हणून घरात कोणाला पत्ता लागत नाही. दुसरीकडे धमनी बंद पडत नाही, पण पुरवठा अपुरा पडतो. मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला नेणाऱ्या तारा या खोल भागातून जातात. त्या उपाशी राहतात. निरोप उशिरा पोचतो. अण्णांना उत्तर ठाऊक असे, पण ते ओठांवर यायला वेळ लागे, ते याच कारणाने.

याखेरीज अल्झायमर नावाचा एक रोग आहे. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टराने १९०६ साली तो प्रथम सांगितला. त्यात मेंदूत काही प्रथिने साठतात, आणि बहुधा अलीकडच्या गोष्टी आधी पुसल्या जातात. जगात विसरण्याचा हाच रोग सर्वांत जास्त. रक्तवाहिन्यांमुळे होणारा त्याच्या खालोखाल. पण पुष्कळ म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूत दोन्ही एकदम सापडतात. एक चोर पुढच्या दाराने, दुसरा मागच्या. पुढचे दार लावणे अजून फारसे जमलेले नाही. मागचे बरेचसे आपल्या हातात आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीप्रमाणे आपल्या देशात साठीपुढच्या शंभर माणसांत सुमारे सात जणांना असा स्मृतिभ्रंश आहे. एकूण सुमारे ८८ लाख माणसे.

मागचे दार लावता येते, हे कशावरून? चीनमधल्या खेड्यांत याची परीक्षा झाली. ३२६ गावे, आणि त्यांत रक्तदाब वाढलेली, चाळिशीच्या पुढची सुमारे ३४ हजार माणसे. निम्म्या गावांत नेहमीसारखेच चालू ठेवले. उरलेल्या निम्म्या गावांत काम गावच्याच वैद्यकसेवकांवर सोपवले. हे काही मोठ्या इस्पितळातले तज्ज्ञ नव्हते. ठरवून दिलेल्या पद्धतीने ते गोळ्या देत, कमीजास्त करीत, घरी रक्तदाब मोजायला शिकवीत, मीठ आणि दारू कमी करा म्हणून मागे लागत. वरचा आकडा १३० च्या खाली आणि खालचा ८० च्या खाली आणायचा, एवढे ध्येय. चार वर्षांनी पाहिले, तर या गावांत स्मृतिभ्रंश दुसऱ्या गावांपेक्षा १५ टक्के कमी होता. हा निकाल २०२५ साली छापून आला. मला यात विशेष वाटले ते हे, की औषध नवे नव्हते, महागही नव्हते. कोणीतरी घरोघर जाऊन विचारीत होते, इतकेच.

आपल्याकडे सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजतात, गोळ्याही मिळतात. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी मोजावा. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसा, पाठ टेका, बोलू नका. चहा, तंबाखू अर्धा तास आधी नको. गोळी सुरू झाली तर आपल्या मनाने बंद करू नका. बरे वाटत असले तरीही नको. मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही त्यातच धरायचे, आणि येथेच आपला हिशेब चुकतो.

एक वेगळी गोष्ट. विसरणारा प्रत्येक माणूस या रोगाचाच असतो असे नाही. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले, थायरॉइड ग्रंथी मंदावली, ऐकू कमी आले, मन फार खचले, तरी माणूस विसराळू दिसतो, आणि यांवर उपाय आहेत. म्हणून आधी डॉक्टर, मग "वय झालं". आणि एकाएकी तोंड वाकडे झाले, हात उचलेना, शब्द फुटेना, तर तेल चोळत बसू नका. तसेच मोठ्या दवाखान्यात न्या. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

अण्णांचे गेलेले परत आले नाही. गोळ्या पुन्हा सुरू झाल्यापासून उतरण मात्र मंदावली आहे. आमच्या वहिनी कधी शाळेत गेल्या नव्हत्या. संध्याकाळच्या वर्गात त्या आकडे शिकल्या. आता यंत्र लावून अण्णांचा रक्तदाब त्या स्वतः मोजतात आणि कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहितात: १३२, खाली ८४. अण्णा शेजारी बसून प्रत्येक आकडा मोठ्याने वाचतात. परवा वाचून झाल्यावर थोडा वेळ गप्प राहिले, आणि म्हणाले, "कोणाच्या खात्यावर टाकलेत?"

वहिनी म्हणाल्या, "तुमच्याच."