एक दिवस आपल्याच राजधानीत



सहल म्हटली की आपल्या शाळेत अजिंठा, ओंकारेश्वर नाहीतर इंदूर ही नावे पुढे येतात. बऱ्हाणपूरचे नाव कोणी घेत नाही, कारण ते घरचेच. परंतु आपले हे नगर फारुकी सुलतानांच्या खानदेशची राजधानी होते आणि १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावर मोगलांचे दक्षिणेतील मुख्य ठाणे झाले. म्हणून या पाठात आपण एक दिवस आपल्याच गावी पाहुणे होऊन फिरू.

सकाळी लवकर, ऊन चढण्याआधी, कुंडी भंडारा गाठावा. खूनी भंडारा असेही त्याला म्हणतात. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखाना सुभेदार असताना (हिंदीच्या पुस्तकात ज्यांचे दोहे आपण पाठ करतो तेच हे रहीम) ही जलयोजना झाली. भूगोलाच्या दृष्टीने तिची रीत समजून घ्या. सातपुड्यावर पडलेले पाणी जमिनीत मुरते आणि उताराने तापीकडे सरकत जाते. ते वाटेतच अडवायचे, मंद उताराच्या भुयारातून वळवायचे आणि नगरात आणायचे. भुयारावर ठराविक अंतराने विहिरीसारखी उभी कुंडी खणली. शंभराहून अधिक कुंडी आतून एकमेकींना जोडलेली आहेत. पुढे जाली करंज येथे पाणी साठे आणि तेथून मातीच्या नळांनी गावात जाई. मोट नाही, पंप नाही, सर्व काम उताराचे. इराणात अशा भुयारांना कनात म्हणतात.

लिफ्ट चालू असेल तर सुमारे ८० फूट खाली उतरता येते. खाली भिंतीवर चुन्याचे पांढरे थर दिसतील. पाण्यातला चुना वर्षानुवर्षे साचतो, झरे त्यामुळे बुजतात. वर डोंगर उघडे पडतात, बोअरवेल वाढतात, मग मुरणारे पाणीच कमी होते. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत या जागेचे नाव आले, याचा आम्हांस आनंद आहे. पण यादीत नाव आल्याने झऱ्याला पाणी येत नाही, हेही वहीत लिहा.

परत येताना मावा जलेबी खाण्यास आमची हरकत नाही. मात्र हात धुऊनच जामा मशिदीत जावे. ही मशीद राजा अलीखान फारुकीने बांधली. आत अरबी लेख आहे आणि त्याच्याजवळच संस्कृत लेख, देवनागरीत कोरलेला. विश्वकर्त्याला नमन करून तो सुरू होतो, मग फारुकी राजांची वंशावळ आणि पंचांगाप्रमाणे तिथी-वार येतात. येथे आमच्याकडून गणित घ्या. अरबी लेखात हिजरी ९९७ आहे. त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की १५८९ येते. संस्कृत लेखात संवत १६४६, शके १५११ आणि महिना पौष आहे. शकात ७८ मिळवले तर १५८९. पण त्या वर्षीची ही पौषातली तिथी जानेवारीत पडते, म्हणून १५९०. चार शतकांपूर्वी एका सुलतानाला आपल्या मशिदीचा काळ प्रजेच्या पंचांगातही सांगावासा वाटला. पुस्तकात चार ओळी वाचण्यापेक्षा तो दगड दहा मिनिटे पाहणे आम्हांस अधिक मोलाचे वाटते.

दुपारी शाही किल्ला. हमामखान्याच्या छतावरील रंगकाम मान वर करून पाहावे, हात लावू नये. जून १६३१ मध्ये मुमताज महल याच नगरात, चौदाव्या बाळंतपणात वारली. तिला प्रथम पुरले ते नदीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात. काही महिन्यांनी शव आग्र्यास नेले. ताजमहाल सारे जग पाहते, आहुखान्यात क्वचितच कोणी जाते.

आपल्या मराठी घरांतील मुले येथे हमखास संभाजी महाराजांविषयी विचारतात. १६८१ च्या आरंभी मराठी फौजेने बऱ्हाणपूरचे बहादूरपुरा हे उपनगर लुटले. अभिमानाने विचारा, पण लुटले गेले तेही याच गावचे व्यापारी होते, हे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. पुढे १७६० मध्ये उदगीरच्या तहाने हे नगर पेशव्यांकडे आले आणि नंतर शिंद्यांकडे गेले.

संध्याकाळी राजा जयसिंहाची छत्री. पुरंदरचा १६६५ चा तह करून शिवाजी महाराजांकडून तेवीस किल्ले घेणारे मिर्झाराजे ते हेच. आग्र्याहून महाराज निसटले, औरंगजेबाची मर्जी फिरली, दक्षिणेचा सुभा हातून गेला आणि उत्तरेकडे परतताना ऑगस्ट १६६७ मध्ये त्यांचा येथे मृत्यू झाला. छत्रीच्या चौथऱ्यावर बसून वही पूर्ण करा.

वहीत तीन गोष्टी हव्यात: कुंडी भंडाऱ्याची आकृती, दोन्ही लेखांच्या सनांचे गणित, आणि आजी-आजोबांना विचारून आलेले उत्तर की त्यांच्या लहानपणी घरी पाणी कोठून येत असे. वह्या सोमवारी प्रार्थनेनंतर वर्गशिक्षकांकडे द्याव्यात.