नोट्स फुकट, वेबसाइट नाही

वेबसाइट काढायची म्हटली की लोक आधी रंग ठरवतात, लोगो करून घेतात, वर कुणाचा फोटो लावायचा यावर घरात वाद घालतात. डोमेन कुणाच्या नावावर घेतलं, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्याकडे गाणं शिकणाऱ्या मुलांपैकी कुणी साइट काढतो म्हटलं की माझा पहिला प्रश्न तोच असतो.

माझी पहिली साइट इथल्याच, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका कॉम्प्युटरवाल्यानं करून दिली. मध्यमा-विशारदच्या मुलांसाठी बंदिशींची स्वरलिपी आणि शास्त्राच्या नोट्स, एवढंच तिच्यावर होतं. ‘‘दीदी, आप टेंशन मत लो, सब मेरे अकाउंट से हो जाएगा,’’ असं तो म्हणाला आणि झालंही तसंच. डोमेन त्याच्या खात्यात, होस्टिंग त्याच्या खात्यात, मुदतीच्या सूचना त्याच्या ई-मेलवर आणि दरवर्षीची वजावट त्याच्या कार्डावर. मी त्याला रोख पैसे देत असे. 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरच्या आपोआप वजावटीचे रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले आणि परदेशी कंपन्यांच्या कितीतरी वजावटी अडकल्या. तोवर आमचे हे गृहस्थ दुकानाला कुलूप लावून इंदूरला गेलेले. डोमेनची मुदत संपली की नूतनीकरणाला थोडे दिवस मिळतात, त्यानंतर साधारण महिनाभर भरभक्कम दंड भरून ते सोडवता येतं, मग मात्र ते जो मागेल त्याला मिळतं. आमचं एका रमीवाल्याला मिळालं. मुलांच्या झेरॉक्सवर तळाशी जुना पत्ता छापलेला, आणि तो उघडला की यमनऐवजी पत्ते!

तेव्हा डोमेन स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ई-मेलवर आणि स्वतःच्या मोबाइल नंबरावर घ्या. काम दुसऱ्याकडून करून घ्यायला हरकत नाही, पण खातं आपलं हवं. पहिल्या वर्षीचा स्वस्त भाव पाहून हुरळू नका, नूतनीकरणाचा भाव विचारा. तो बहुधा कितीतरी जास्त असतो. जमल्यास दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरून मोकळे व्हा.

आता पैशाचं. जाहिरातींतून खर्च निघेल, ही आशा आमच्यासारख्यांनी सोडावी. गूगलच्या अ‍ॅडसेन्समध्ये 10 डॉलर जमले की पत्त्याच्या पडताळणीसाठी पिनचं पत्र टपालानं घरी येतं आणि 100 डॉलर जमेपर्यंत बँकेत काहीच येत नाही. नोट्सच्या साइटवर परीक्षेच्या तोंडावर झुंबड, एरवी शुकशुकाट. त्यात मुलं प्रेमानं ‘दीदींना मदत’ म्हणून जाहिरातींवर टिचक्या मारत बसतात. असल्या टिचक्या पकडल्या जातात आणि खातंच बंद होतं. आमच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात इ.स. 876 चा शिलालेख आहे, त्यात 270 हा आकडा शून्यासकट कोरलाय. माझ्या अ‍ॅडसेन्सनं ती परंपरा इमानानं जपली.

यूपीआयचा क्यूआर कोड लावणं त्यापेक्षा बरं. मात्र पैसे देणाऱ्याला तुमचं बँकेतलं नाव दिसतं, हे लक्षात ठेवा. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात भेट म्हणून मिळालेले पैसे 50 हजारांच्या वर गेले, तर वरचेच नव्हे, सगळेच पैसे करपात्र होतात. एवढी चिंता करण्याची वेळ माझ्यावर आलेली नाही, ती गोष्ट वेगळी. आणि ‘देणगी’ हा शब्द नको. देणाऱ्याला करसवलतीची पावती हवी असते, ती एकट्या माणसाला देता येत नाही.

खरा उपाय खर्चच खाली आणण्याचा. साध्या पानांच्या साइटला भाड्याचं होस्टिंग लागतच नाही. गिटहब पेजेसवर 1 जीबीपर्यंतची साइट फुकट बसते, महिन्याला 100 जीबीपर्यंतची वर्दळ चालते. टाइप केलेल्या बंदिशीची पीडीएफ अगदी हलकी असते. तीच वहीचा मोबाइलनं फोटो काढून केली की कित्येक पट फुगते. एकदा टाइप करायचे कष्ट घ्या, पुढं वर्षानुवर्षं पैसे वाचतात.

टाइप करण्यातही खाचा आहेत. आमच्याकडे मध्य प्रदेशात टायपिस्ट अजून कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून देतात. फॉन्ट नसलेल्या फोनवर त्याची इंग्रजी अक्षरांची भेळ होते. म्हणून युनिकोडच हवं. पण स्वरलिपीचं दुखणं निराळंच. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्राखाली टिंब, तारावर टिंब, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मजकूर कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की रेघा गळतात. रे, ग, ध, नी चारही कोमल असलेल्या भैरवीच्या रेघा गेल्या की उरतो सरळ बिलावल, आणि मूल तोच मन लावून पाठ करतं. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफच द्या, आणि प्रत्येक पानावर राग, थाट आणि कोमल-तीव्र स्वर अक्षरांतही लिहा.

नोट्स कुणाच्या, हाही प्रश्न आहेच. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो. स्वरलिपीवाले भातखंडे 1936 मध्ये गेले, ग्वाल्हेरचे गायक राजाभैया पूंछवाले 1956 मध्ये. त्यांची मूळ पुस्तकं आता मोकळी आहेत. पण त्यांच्या नंतरच्या अनुवादांवर अनुवादकांचा हक्क असू शकतो. ग्वाल्हेरचेच गायक कृष्णराव शंकर पंडित 1989 पर्यंत होते, म्हणजे त्यांच्या पुस्तकांना 2049 संपेपर्यंत हात लावायचा नाही. अभ्यासासाठी पुस्तकांतल्या पानांच्या झेरॉक्स काढायला मुभा देणारा दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्याचा 2016 चा निकाल दाखवून मुलं माझ्याशी हुज्जत घालतात. तो निकाल वर्गातल्या शिकवण्यापुरता आहे, अख्खं पुस्तक जगाला उघडं करण्यासाठी नाही.

भातखंड्यांनी वकिली बाजूला ठेवून घराण्यांत दडलेल्या बंदिशी मिळवल्या आणि छापून सर्वांच्या हाती दिल्या. त्या काळी आपली चीज दुसऱ्याला द्यायला कुणी राजी नसे. तरी 1918 मध्ये ग्वाल्हेरला त्यांच्या मदतीनं माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं, कारण पाठीशी माधवराव शिंद्यांचा दरबार होता. आपल्यामागे दरबार नाही. म्हणून दरवर्षी स्वतःच्या खिशातून, न कुरकुरता भरता येईल एवढाच खर्च ठेवा. हातात थोडे जास्त पैसे आलेच, तर ते साइट सजवण्यात न घालता एक हार्ड डिस्क घ्या आणि सगळ्या नोट्स तिच्यावर उतरवून ठेवा. शिवाय डोमेन, ई-मेल आणि गिटहबचे पासवर्ड एका कागदावर लिहून घरातल्या आणखी एका माणसाकडे आजच देऊन ठेवा.