काटा माऊस होतो तेव्हा

रहिमतपूरजवळच्या एका दूध संकलन केंद्रातली संध्याकाळ. काट्यावर किटली, वजन थेट कॉम्प्युटरवर, शेजारच्या यंत्रावर फॅट आणि एसएनएफ, छापील पावती हातात. याच नोंदींवर दहा दिवसांनी दुधाचा पगार. वीज जाऊन आली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला आणि पडद्यावरचा बाण सैरावैरा पळू लागला. मेनू आपोआप उघडत होते. एक नोंद कुणी हात न लावता उडाली. सचिवांनी माऊस बदलून पाहिला, तरी तेच. मग सगळ्यांचं एकमत झालं: व्हायरस.

बोलावलेल्या दुरुस्तीवाल्यानं माऊसकडे पाहिलंही नाही. काटे, फॅटची यंत्रं, पावतीचे प्रिंटर जोडून देण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली आहेत. "अण्णा, आधी काट्याची वायर काढा बघू," एवढंच तो म्हणाला. वायर निघाली आणि बाण जागच्या जागी थांबला.

मूळ कारण जुनं आहे. एके काळी माऊस सिरियल पोर्टवर चालत. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीचा माऊस १२०० बॉडने, सात-सात बिटांत बोलायचा आणि वीज मिळताच स्वतःची ओळख म्हणून 'एम' हे अक्षर पाठवायचा. असा कुणी पोर्टवर बसला आहे का, हे विंडोज अजूनही तपासतं. याच पोर्टवर जोडलेला काटा मात्र विचारा न विचारा, वजनाचे आकडे सारखे पाठवत राहतो, बहुतेक वेळा ९६०० बॉडने. वेग जुळत नसल्यानं विंडोजला निव्वळ गोंगाट ऐकू येतो. त्या गोंगाटात ओळखीसारखं काही सापडलं, की काट्याची नोंद 'मायक्रोसॉफ्ट सिरियल बॉलपॉइंट' म्हणून होते आणि 'सरमाऊस' नावाचा ड्रायव्हर तो पोर्ट ताब्यात घेतो. दुधाच्या सॉफ्टवेअरला मग पोर्टच उघडत नाही. माऊसच्या या भाषेत एका हालचालीला तीन बाइट लागतात, आणि डाव्या-उजव्या बटणांची स्थिती पहिल्याच बाइटमध्ये असते. म्हणून बाण नुसता पळत नाही, क्लिकही करतो. नोंद उडाली ती त्यामुळे.

गावोगावी यावर एक तोडगा रूढ आहे: कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत काट्याची वायर काढून ठेवायची. चालतो, पण दिवसातून चार वेळा वीज जाणाऱ्या ठिकाणी तो किती दिवस पाळला जाणार? पक्का उपाय वेगळा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसच्या यादीत हा बॉलपॉइंट दिसतो. तो 'डिसेबल' करायचा. 'अनइन्स्टॉल' केला, तर पुढच्या वेळी पुन्हा हजर होतो. रजिस्ट्रीत सरमाऊस सेवेचं 'स्टार्ट' मूल्य ३ असतं, ते ४ केलं की हा ड्रायव्हर सुरूच होत नाही. काटा एफटीडीआय चिपच्या यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरवर असेल, तर पोर्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'सिरियल एन्युमरेटर'ची खूण काढली तरी भागतं. मात्र रजिस्ट्रीत हात घालताना नाव दोनदा वाचावं. सेवांच्या त्याच यादीत 'आय८०४२पीआरटी' आहे. ते ४ केलं, तर बहुतेक लॅपटॉपचा अंगचा कीबोर्डच बंद पडतो.

लिनक्स वापरणाऱ्यांनी हसू नये. लिनक्सचा कर्नल सिरियल पोर्टवरचा माऊस आपल्या मनानं ठरवत नाही, हे खरं. तिथे 'इनपुटअटॅच' चालवून कोणत्या पोर्टवर काय आहे हे सांगावं लागतं. हीच रीत शहाणपणाची. पण कर्नलच्या बाहेरचे प्रोग्राम अंदाज बांधतातच. २०२२च्या एप्रिलमध्ये आलेल्या उबुंटू २२.०४मध्ये सीएच३४० चिपचे स्वस्त कन्व्हर्टर लावताच गायब होऊ लागले. 'बीआरएलटीटीवाय' हा अंधांच्या ब्रेल पट्टीसाठीचा प्रोग्राम त्यांना ब्रेल पट्टी समजून पळवत होता, कारण काही ब्रेल पट्ट्यांचा यूएसबी ओळख क्रमांक हाच आहे. 'डीमेसेज'च्या नोंदीत त्याचं नाव सरळ दिसतं. जिथे ब्रेल पट्टी वापरात नाही, तिथे हा प्रोग्राम काढून टाकावा. जिथे आहे, तिथे यूडेव्हच्या नियमांतली या क्रमांकाची तेवढी ओळ बंद करावी.

स्वतःचा कर्नल बांधणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. २००३च्या डिसेंबरमध्ये २.६ मालिका आली, इनपुटची रचना बदलली आणि जुनी कॉन्फिग फाइल तशीच वापरणाऱ्या अनेकांचे कीबोर्ड मुके झाले. आजचा सापळा 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' हा आहे. ही आज्ञा त्या घडीला वापरात असलेलीच मॉड्यूल ठेवते. काटा त्या वेळी जोडलेला नसेल, तर त्याच्या कन्व्हर्टरचा ड्रायव्हर नव्या कर्नलमधून बाद. म्हणून आधी काटा, प्रिंटर, माऊस सगळं जोडावं, मगच ती चालवावी. यूएसबी कीबोर्डला 'यूएसबीएचआयडी' आणि 'एचआयडी जेनेरिक' तर लागतातच, शिवाय यूएसबी कंट्रोलरचा 'एक्सएचसीआय'ही लागतो. डिस्क कूटबद्ध असेल, तर हे सगळे कर्नलमध्येच किंवा इनिटरॅमएफएसमध्ये हवेत. नाहीतर पासवर्ड विचारला जातो आणि टाइप काहीच होत नाही. जुना कर्नल ग्रबच्या यादीतून नवा नीट चालेपर्यंत काढू नये.

केंद्र चालवणाऱ्यांना एवढं सगळं पाठ असण्याची गरज नाही. कन्व्हर्टरवर चिपचं नाव आणि काट्याचा बॉड वेग चिकटपट्टीवर लिहून ठेवावा. आणि फोन करताना नुसतं "माऊस बिघडलाय" असं न सांगता, काट्याची वायर काढल्यावर बाण थांबतो की नाही, ते आधी बघून सांगावं.