स्वस्तातली टिन व्हिसल

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची. आयरिश टिन व्हिसल शिकायचीय म्हणते. स्वस्तातली कोणती घ्यावी? – एक पालक, भिलाई

उत्तर : घ्यायची ती 'डी' स्वराचीच, शिकायची बहुतेक पुस्तकं त्याच पट्टीत असतात. जनरेशन किंवा फेडोग पुरे. क्लार्कची पत्र्याची गोड, पण दम खाते. जत्रेतली पिपाणी नकोच. सहाही भोकं बंद करून हळू फुंका. मोबाइलच्या ट्यूनरवर 'डी' दिसायला हवा. चढी वाजली तर प्लॅस्टिकचं तोंड गरम पाण्यात धरून सैल करा नि किंचित बाहेर ओढा. वरची तीन भोकं बंद ठेवली की पांढरी पाचचा सा, सगळी उघडी की तीव्र मध्यम, थेट आपल्या बासरीसारखं. त्यामुळे पुढेमागे बासरीकडे वळली तरी बोटं वाया जाणार नाहीत. फुंक मात्र नव्याने शिकावी लागेल.