रुजू होणे आणि रुळणे : नव्या नोकरीची काही क्रियापदे

इंदूरच्या अनेक मराठी घरांत नोकरीचा इतिहास तीन पिढ्यांत वाचता येतो. आजोबा होळकर संस्थानाच्या सेवेत, वडील राज्य शासनात किंवा बँकेत, आणि नातवंडे सुपर कॉरिडॉरवरील टीसीएस, इन्फोसिससारख्या कंपन्यांत, नाहीतर थेट पुण्याला. नव्या ठिकाणी जम बसवण्याची वेळ मात्र प्रत्येक पिढीवर आली. १९४८ साली होळकर व शिंदे यांची संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. ग्वाल्हेर हिवाळी व इंदूर उन्हाळी राजधानी ठरली. १९५६ मध्ये मध्य प्रदेश अस्तित्वात आला आणि राजधानी भोपाळला गेली. माणसे तीच राहिली. वरिष्ठ, नियम आणि दप्तराची भाषा बदलली.

आज पहिल्या नोकरीवर निघालेल्या विद्यार्थ्याला घरून एकच सल्ला मिळतो : ‘थोडं ॲडजस्ट करून घे.’ हे वाक्य मी वर्गात व्याकरणासाठी घेते. ते आज्ञार्थी आहे. करणारा एकच, नवा माणूस. म्हणजे जमले नाही तर दोषही त्याचाच. पहिल्या दोन महिन्यांत कामाची पद्धत कळत नाही, कोणाला विचारावे हे उमगत नाही, तेव्हा ही मुले स्वतःलाच नालायक ठरवतात. या अनुभवासाठी मराठीत असलेली क्रियापदे मात्र वेगळे काही सांगतात.

पहिले ‘रुजू होणे’. विद्यार्थी त्याचा संबंध ‘रुजणे’शी जोडतात. अर्थ जवळचा वाटला तरी शब्दांची घराणी वेगळी आहेत. ‘रुजू’ मूळ अरबी. परतणे, एखाद्याकडे वळणे हा त्याचा अर्थ. मराठी दप्तरात तो हजर असणे आणि ताडून पाहिलेले असणे या अर्थांनी स्थिरावला. ‘रुजवात घालणे’ म्हणजे हिशेब किंवा मजकूर ताडून खात्री करून घेणे. रुजू होण्याला तारीख असते. ‘सोमवारी रुजू व्हा’ असा हुकूम देता येतो.

‘रुळणे’ला तारीख नसते. ‘सोमवारपर्यंत रुळा’ असे कोणी म्हणत नाही, कारण हे क्रियापद अकर्मक असून ती क्रिया ठरवून उरकता येत नाही. ‘रुळलेली वाट’ आठवावी. ती एका माणसाच्या एका फेरीने तयार होत नाही.

पुढे कर्ताच बदलतो. ‘काम अंगवळणी पडले’ यात कर्ता काम आहे. ‘तिचा जम बसला’ यात कर्ता जम आहे; ती षष्ठीत मागे उभी आहे. आणि ‘विभागाने तिला सामावून घेतले’ यात कर्ता विभाग, तर ती कर्म. जबाबदारी कोणाची, हे इथे वाक्यरचनाच सांगते. ‘मुरणे’ सर्वांत शेवटी येते. लोणच्यासारखा त्याला वेळ लागतो, आणि ‘मुरलेला कारकून’ या प्रयोगात कौतुकाबरोबर थोडी शंकाही असते.

मराठी या बाबतीत अगदी निर्दोष आहे असे नाही. ‘जुळवून घे’ हा आज्ञार्थ आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सासरी निघालेल्या मुलीला ऐकवला गेला, आणि ‘ॲडजस्ट करून घे’ हा त्याचाच नवा अवतार आहे. तरी ‘जुळवणे’ला दुसरी बाजू लागतेच. एकट्याशी जुळवता येत नाही. ‘कोणाशी?’ हा प्रश्न विचारला की ती बाजू वाक्यात येते.

शिक्षकांसाठी एक छोटा पाठ सुचवते. विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या पहिल्या नोकरीचे पहिले तीन महिने विचारावेत आणि उत्तरातील क्रियापदे जशीच्या तशी उतरवावीत. ‘करून राहिलो होतो’, ‘बघून घेतलं’ अशी आपल्या इंदुरी मराठीची रूपे दुरुस्त करू नयेत. मग प्रत्येक वाक्याचा कर्ता शोधावा : मी, काम, की सोबतची माणसे? माझ्या वर्गात सर्वाधिक चर्चा तिसऱ्या प्रकारच्या वाक्यांवर होते. कोणीतरी शेजारच्या टेबलावरून फाईल कशी लावायची ते दाखवलेले असते, कोणी डबा खायला बोलावलेले असते.

ज्यांना नोकरीवर जायचे आहे, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की रुजू होणे त्यांच्या हाती आहे. रुळायला दिवस लागतात आणि माणसेही लागतात. ज्यांच्या विभागात नवे कोणी येणार आहे, त्यांनी ‘सामावून घेणे’चा कर्ता कोण, ते पाहावे.