थिअरीच्या तासाला जाण्याआधी

अगं, थिअरी दिली म्हणून तोंड पाडू नकोस. नव्या माणसाच्या गळ्यात थिअरी मारायची, ही आर्किटेक्चर कॉलेजांची जुनी रीत आहे. स्टुडिओचा मान मोठा, हे खरं. पण ज्युरीत मुलांची बोलती बंद होते ती ‘हे इथंच का?’ या प्रश्नावर, आणि तो प्रश्न तुझ्या तासाचा आहे.

आधी वेळापत्रक बघ. सबमिशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा तास घेऊ नकोस. रात्रभर शीट ओढलेल्या मुलांपुढे हायडेगर ठेवलास तर ती झोपणारच.

‘प्लेस’ शिकवताना ‘तुम्हाला इथं काय वाटतं?’ असं विचारायचंच नाही. ‘शांत वाटतं’, ‘मस्त व्हाइब आहे’, यापलीकडे हाती काही लागत नाही. त्याऐवजी विचार की इथं कोण कुठं बसतं, कोणाला कुठवर येऊ देतात, आणि थांबवतं काय? भिंत, पायरी, की नुसती नजर?

यासाठी पुण्यातल्या पेठेतला एखादा शिल्लक वाडा गाठ. आत अजून बिऱ्हाडं असतात, तेव्हा आदल्या दिवशी जाऊन विचारून ये, आणि पहिला तासभर मोबाइल बाहेर काढू देऊ नकोस. मुलांच्या हातात टेप दे. दिंडीतून वाकून आत, मग देवडी, चौक, ओसरी, माजघर, त्यापलीकडे देवघर आणि स्वयंपाकघर. प्रत्येक उंबरा, प्रत्येक पायरी मोजायची आणि आकड्याशेजारी लिहायचं की इथवर कोण येत असे. हिशेबाला आलेलं कूळ कुठं थांबे, जावई कुठं बसे, बायका चौकातलं बोलणं कुठून ऐकत, मागच्या दारानं कोण येई, आणि दिंडीच्या आत कोणाला पाऊलच टाकता येत नसे. जातीचा विषय निघेल. निघू दे, घाईनं झाकू नकोस. मुलं ‘चौकामुळे हवा खेळते’कडे पळू बघतील. हवा खेळते हे खरंच आहे. पण तेवढंच लिहिणाऱ्याला अर्धेच मार्क दे.

माप मीटरबरोबर खणातही घ्यायला लाव. जुनी माणसं खोली दोन खणांची, तीन खणांची असंच सांगायची. तुळईला लाकूड किती लांबीचं मिळतं, यावर खण, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, ठरायचं. खोलीचा डौल सुताराच्या वखारीत ठरत होता, हे हाताला लागलं की मुलं ‘स्पेस’ हा शब्द जरा जपून वापरायला लागतात.

मात्र वाड्यावर थांबलीस तर ‘जागेचं भान म्हणजे जुनं ते’ असा समज पक्का होईल. म्हणून लगेच मुंबई घे. पेडर रोडवरची चार्ल्स कोरियांची कांचनजंगा, 1983 ची, 28 मजली. वारा आणि समुद्र पश्चिमेला. दुपारचं ऊन आणि पावसाचा मारासुद्धा पश्चिमेकडूनच. जुने बंगले सभोवती व्हरांडा काढून हे भागवायचे. कोरियांनी तो व्हरांडा उचलून कोपऱ्यात दोन मजले उंचीची गच्ची केली. प्लॅन दाखवून हे कळत नाही; सेक्शन फळ्यावर स्वतः काढ, बाण काढून ऊन आणि वारा दाखव. आणि वाड्याचाच प्रश्न इथंही विचार: त्या गच्चीपर्यंत कोण पोचतं, कोणत्या लिफ्टनं?

पुस्तकं यानंतर. नोर्बर्ग-शुल्झचं ‘जीनियस लोसाय’ इंग्रजीत 1980 साली आलं. त्यात प्राग, खार्टूम आणि रोम अशी तीन शहरं आहेत. चौथ्या शहराचं प्रकरण मुलांना लिहायला सांग, आपापल्या गावावर. लातूरचा मुलगा लातूरवरच लिहील, त्याला पुण्यावर लिहू देऊ नकोस. शुल्झ ज्याच्या आधारानं बोलतो त्या हायडेगरचं घर आणि वस्तीवरचं व्याख्यान 1951 चं, डार्मश्टाटमधलं. युद्धात शहरं बेचिराख झालेली, जर्मनीत घरांची टंचाई. हे आधी सांग, मग दहा पानं वाच. अख्खं व्याख्यान कोणी वाचत नाही. आणि हायडेगर 1933 मध्ये नाझी पक्षात गेला होता, हेही तूच सांग, मुलांनी नेटवर शोधून काढण्याआधी. ‘मातीशी नाळ’ हा शब्द गोड लागतो, पण त्यात उपरा कोण हे आपोआप ठरतं. वाड्याच्या दिंडीशी ज्यांनी नीट टिपणं काढली असतील, त्यांना हा मुद्दा समजवावा लागत नाही.

केव्हिन लिंचचं 1960 चं पुस्तक मात्र बिनधास्त वापर. आठवणीतून नकाशा काढायला लावणं हा त्याचा धडा अजून चालतो. एकाच चौकाचा नकाशा तुझ्या विद्यार्थ्याकडून, तिथल्या रिक्षावाल्याकडून आणि भाजीवालीकडून काढून घे. शेजारी शेजारी टाच. मग तास तुला घ्यावा लागत नाही.

शेवटच्या ज्युरीला बाहेरचा नामांकित आर्किटेक्ट बोलावतील, बोलावू दे. त्याच्या शेजारी त्या भाजीवालीलाही खुर्ची दे, आणि मानधनही. तिचं व्हाउचर ऑफिसात अडेल, म्हणून अकाउंट्सवाल्यांशी महिनाभर आधीच बोलून ठेव. आणि ज्युरी दुपारी ठेव. सकाळी तिचा धंदा असतो.